एक नंबरची फळी

परवा रात्री ताईचा फोन आला. पुण्यात तेव्हा सकाळ, त्यामुळे ती चहा पीत निवांत बोलत होती आणि मी इकडे ओहायोत झोपायच्या तयारीत. त्यांच्या नव्या फ्लॅटचं काम आता शेवटच्या टप्प्यात आलंय. बेडरूममध्ये लाकडी फरशी करायची असं ठरतंय.

"तुमच्याकडे घरोघरी लाकडीच जमीन असते ना, मग तूच सांग. दुकानदार म्हणतो ए ग्रेड घ्या, बी ग्रेडच्या नादी लागू नका. खरंच एवढा फरक असतो का गं?"

मी म्हटलं, "ताई, हे फोनवर सांगण्यासारखं नाही. ब्लॉगवर लिहिते, सावकाश वाच."

ती म्हणाली, "म्हणजे नेहमीसारखं लांबण लावणार तू!" :-)

लावणार आहे. कारण लाकडी फरशीचा ग्रेड या विषयात मी स्वतः चांगलाच हात पोळून घेतलाय, आणि त्या भानगडीत एका भल्या माणसाशी वाईट वागलेही आहे. घरातल्या बऱ्याच जणांना ही गोष्ट अर्धीच माहीत आहे. मी तेव्हा सगळ्यांना 'फसवलं हो त्या माणसाने आम्हाला' असंच सांगितलं होतं. तर आज उरलेली अर्धी.

आम्ही हे घर घेतलं तेव्हा इथे भिंतीपासून भिंतीपर्यंत मळकट कार्पेट होतं. ते काढून ओकची फरशी घालायची हे नक्की होतं. दुकानात गेलो. विक्रेत्याने काउंटरवर चार फळ्या मांडल्या. पहिली अगदी स्वच्छ, एकसारख्या रंगाची, डाग नाही की गाठ नाही. दुसरीत कुठे कुठे एखादी बारीक गाठ. तिसरीत रंगाचे पट्टे, गाठी, किडीची टाचणीएवढी भोकं. चौथीत हे सगळं भरपूर.

नवऱ्याने प्रत्येकीची किंमत पाहिली आणि व्यवहारी माणसासारखा म्हणाला, "मधलं काहीतरी नको. सरळ नंबर वन घेऊ या."

विक्रेता हसला. कारण 'नंबर वन कॉमन' ही त्या चारातली तिसरी फळी होती! पहिलीचं नाव क्लिअर, दुसरीचं सिलेक्ट, तिसरीचं नंबर वन कॉमन आणि चौथीचं नंबर टू कॉमन. आपल्याकडे 'एक नंबर' म्हणजे त्याच्यावर काही नाहीच, आणि 'दोन नंबर' म्हणजे काय ते सांगायला नको. इथे मात्र एक नंबर तिसरा येतो.

आम्ही अर्थातच क्लिअर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं घर, तेही परदेशात, गृहप्रवेशाला पन्नास माणसं येणार, भारतातून सासूसासरे येणार. त्यांच्यासमोर गाठीगाठींचं लाकूड? छे. तेही नेहमीच्या सव्वा दोन इंची पट्ट्या नाहीत, चांगल्या पाच इंच रुंद फळ्या. कारण रुंद फळ्या श्रीमंती दिसतात. पैसे संपत आले तेव्हा मागच्या छोट्या खोलीसाठी, जिथे पाहुणे जाणार नाहीत, तिथे नंबर टू कॉमनच्या सव्वा दोन इंची पट्ट्या घेतल्या. ती खोली दिवाळीच्या आसपास करू, असं म्हणून सोडून दिली.

आता हे ग्रेड म्हणजे नक्की काय, ते सांगते. हे सगळं मला फरशी घातल्यानंतर कळलं, आधी कळायला हवं होतं.

अमेरिकेत ओकच्या फरशीचे हे नियम जुने आहेत. ओकची फरशी बनवणाऱ्या कारखानदारांनी १९०९ मध्ये आपली एक संघटना काढली. तिचं पुढचं नाव नोफ्मा, म्हणजे नॅशनल ओक फ्लोअरिंग मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन, मुक्काम टेनेसीतलं मेम्फिस. २००० च्या दशकाच्या अखेरीस हे काम नॅशनल वुड फ्लोअरिंग असोसिएशनने आपल्याकडे घेतलं. मेपलवाल्यांची संघटना त्याहून जुनी, १८९७ ची. बास्केटबॉलच्या मैदानांवर जे गोरंपान लाकूड दिसतं तो मेपल. त्यांचे ग्रेड वेगळे: फर्स्ट, सेकंड, थर्ड.

यामागची गरज साधी होती. माल एका राज्यातल्या गिरणीत कापला जाणार, दुसऱ्या राज्यात विकला जाणार. घेणारा तर काही गठ्ठा फोडून प्रत्येक पट्टी बघू शकत नाही. तेव्हा गठ्ठ्यावर 'सिलेक्ट' असा शिक्का असेल तर आत काय असेल आणि काय नसेल, हे दोघांनाही माहीत असावं. एवढंच. ग्रेड ही वाहवा नव्हे, तो करार आहे.

या करारात दोन गोष्टी मुख्य. एक, फळीचा चेहरा. वर दिसणाऱ्या बाजूवर गाठी किती, भोकं किती, खनिजांच्या काळसर रेघा किती, सालीजवळचं फिकं लाकूड किती चालेल. दुसरी, लांबी. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नोफ्माच्या नियमांत गठ्ठ्यातल्या पट्ट्यांची सरासरी लांबी क्लिअरला पावणेचार फूट, सिलेक्टला सव्वातीन, नंबर वनला पावणेतीन आणि नंबर टूला सव्वादोन फूट. म्हणजे खालच्या ग्रेडमध्ये जमिनीवर जोड जास्त दिसणार. वरचा ग्रेड महाग असतो त्यात ही लांबीही आली.

आणि आता जे ग्रेडमध्ये नाही ते ऐका. ताकद नाही. टिकाऊपणा नाही. कठीणपणा नाही.

लाकूड किती कठीण हे मोजायची रीत वेगळीच आहे. गाब्रिएल यांका नावाच्या ऑस्ट्रियन संशोधकाने १९०६ मध्ये ती काढली, इथे सगळे तिला 'जांका' म्हणतात. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतेपर्यंत दाबायची आणि त्याला किती जोर लागला ते मोजायचं. व्यास असा विचित्र का, तर अर्ध्या रुतलेल्या गोळीचा वर्तुळाकार ठसा बरोबर एक चौरस सेंटिमीटर भरतो म्हणून. रेड ओकला १२९० पौंडांचा जोर लागतो, व्हाइट ओकला १३६०, हार्ड मेपलला १४५०. आपल्या लाडक्या सागवानाला हजाराच्या आसपास. धक्का बसला ना? मलाही बसला होता. सागवान भारी आहे ते वाळवीला दाद देत नाही म्हणून, पाण्यापावसात फारसं हलत नाही म्हणून. खुर्ची सरकवून ओरखडा पडू नये हा त्याचा गुण नव्हे.

पण मुद्दा असा की हा आकडा लाकडाच्या जातीचा आहे, ग्रेडचा नाही. क्लिअर रेड ओक आणि नंबर टू रेड ओक, दोन्हीला तेवढाच जोर लागणार, कारण ते एकाच झाडाचे असू शकतात. नव्हे, एकाच फळीचेही. फर्निचरवाले लांबरुंद निर्दोष तुकडे निघतील अशी उत्तम लाकडं आधीच उचलतात. फरशीच्या गिरण्या बऱ्याच अंशी उरलेल्या, खालच्या प्रतीच्या फळ्या घेतात आणि त्यातून अरुंद पट्ट्या काढतात. दोन गाठींच्या मधला स्वच्छ तुकडा निघाला की तो झाला क्लिअर. गाठ ज्या पट्टीत आली ती झाली कॉमन. म्हणजे आमची ती निष्कलंक क्लिअर फळी आधी कुठल्यातरी कपाटवाल्याने नाकारलेल्या लाकडातून निघालेली असू शकते. सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही.

"पण गाठीमुळे लाकूड मोडतं ना?" असं तुमच्यातलं कोणीतरी म्हणेल. तुळईच्या बाबतीत ते खरं आहे. तुळई दोन टोकांवर तोललेली असते, मध्ये वजन येतं, तिथे गाठ ही कमजोरी. म्हणून घराच्या सांगाड्याच्या लाकडाचे ग्रेड खरोखरच ताकदीवर ठरतात. फरशीची पाऊण इंच जाड पट्टी मात्र प्लायवूडवर पालथी झोपलेली असते. तिला अधांतरी काही पेलायचं नसतं. नियमही तेच म्हणतात. नंबर टूमध्ये गाठी चालतील, भोकं चालतील, रंग कसाही चालेल, पण टोकं फुटलेली नकोत, लाकूड कुजलेलं नको, आणि जमीन वापरायला पक्की झाली पाहिजे. किडीच्या भोकांचंही तसंच. भट्टीत वाळवताना कीड मरून जाते, मागे राहते ती फक्त तिची सही.

असो. आता गोष्टीकडे.

जूनमध्ये माल आला. फरशी बसवणारा आमच्या गावातलाच, एकट्याने काम करणारा, पन्नाशीचा माणूस. घरात रंगकाम चालू होतं म्हणून गठ्ठे आम्ही गॅरेजमध्ये ठेवायला लावले. तो म्हणाला, गॅरेजमध्ये नको, हवा दमट आहे. घरात जागा करा, एसी चालू ठेवा, लाकडाला घराची हवा लागू द्या. आम्ही म्हटलं, हो हो, बघतो. गठ्ठे तीन आठवडे गॅरेजमध्येच राहिले. मग रंगवाला उशीर करून गेला आणि गृहप्रवेशाची तारीख येऊन ठेपली. मुहूर्त ठरलेला, सासूसासऱ्यांची तिकिटं काढलेली, गुरुजी क्लीव्हलंडहून येणार. बसवणाऱ्याने एक यंत्र लाकडावर टेकवलं आणि म्हणाला, ११ टक्के आहे. खालचं प्लायवूड ८ आहे. दोन आठवडे थांबू या.

मी म्हटलं, दोन आठवडे नाहीत. त्याने पुन्हा सांगितलं. मी जरा आवाज चढवूनच सांगितलं की आम्ही सगळ्यात वरच्या ग्रेडचं लाकूड घेतलंय, त्याला काही होणार नाही. तो काही बोलला नाही. त्याच्या कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि माझी सही घेतली. मी न वाचता केली.

गृहप्रवेश दणक्यात झाला. फरशी आरशासारखी दिसत होती. सगळ्यांनी नावाजली. सासरे म्हणाले, "लाकूड एक नंबर आहे हो." मी नवऱ्याकडे पाहून हसले.

जानेवारीत फळ्यांमध्ये फटी पडायला लागल्या. हॉलभर, स्वयंपाकघरापर्यंत, दर पाच इंचांवर एक काळी रेघ. फटीत पंचवीस सेंटचं नाणं उभं जात होतं. गृहप्रवेशाच्या अक्षता निघाल्या त्यातून. रडू आलं मला. जमवलेले बहुतेक पैसे त्या जमिनीत होते.

आणि मग मी त्या माणसाला फोन केला. काय काय बोलले ते लिहीत नाही. तू फसवलंस, क्लिअर सांगून भलतंच लाकूड घातलंस, असं बरंच. शेवटचा हप्ता द्यायचा राहिला होता, तो देणार नाही म्हणून सांगितलं. ओळखीच्या मराठी मंडळींनाही सांगितलं, याला काम देऊ नका. त्यातल्या दोघांनी खरंच दिलं नाही.

तो एवढंच म्हणाला की तपासनीस बोलवा, तो म्हणेल ते मला मान्य आहे. लाकडी फरशीचे प्रशिक्षित तपासनीस असतात इथे. फेब्रुवारीत एक बाई आल्या. गुडघ्यांवर बसून दोन तास काम केलं. हवेतली आर्द्रता मोजली, फळ्यांचं पाणी मोजलं, फटी मोजल्या, उरलेल्या फळ्यांचा चेहरा तपासला. मग स्वयंपाकघरात बसून मला समजावलं. त्यांनी सांगितलेलं जसं कळलं तसं लिहिते.

लाकूड कापलं, वाळवलं, रंधलं, पॉलिश केलं तरी हवेशी देवाणघेवाण सोडत नाही. दमट हवेत पाणी पितं आणि फुगतं, कोरड्या हवेत पाणी सोडतं आणि आक्रसतं. तेही लांबीत जवळपास नाही, रुंदीत. म्हणून कारखान्यातून माल निघताना त्यात ६ ते ९ टक्के पाणी असावं असा नियम आहे. घरात आल्यावर फळी आणि खालचं प्लायवूड यांच्यातला फरक तीन इंचांहून अरुंद पट्ट्यांना ४ टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि त्याहून रुंद फळ्यांना २ टक्क्यांपेक्षा जास्त नको. घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्के ठेवावी.

आमच्या फळ्या कारखान्यातून नियमात निघाल्या होत्या. गॅरेजमध्ये पाणी पिऊन ११ वर गेल्या. प्लायवूड ८. फरक ३, चालतो २. त्याच फुगलेल्या अवस्थेत त्यांना आम्ही शेजारी शेजारी खिळवून टाकलं. हिवाळ्यात हीटर चालू झाला, घर कोरडं ठणठणीत पडलं, फळ्या ६ वर आल्या. रेड ओक पाण्याच्या एका टक्क्यामागे दर इंचाला ०.००३६९ इंच आक्रसतो. पाच इंची फळी, पाच टक्क्यांचा फरक. गुणाकार करा, जवळजवळ ०.०९ इंच येतं, म्हणजे दोन मिलिमीटरहून जास्त. बरोबर त्या नाण्याएवढी फट. तेच लाकूड सव्वा दोन इंची असतं तर फट निम्म्याहून कमी, एक मिलिमीटरभर. आणि ओंडक्याच्या गाभ्यातून काटकोनात कापलेलं, म्हणजे इथे ज्याला क्वार्टर सॉन म्हणतात ते असतं, तर आणखी निम्म्याहून कमी.

"आणि ग्रेड?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, ग्रेड अगदी बरोबर आहे. नियमाप्रमाणे मालात ५ टक्क्यांपर्यंत चुकार फळ्या चालतात, तुमच्या तर तेवढ्याही नाहीत. फार सुंदर लाकूड मिळालंय तुम्हाला.

मग त्यांनी बसवणाऱ्याचा तो कागद दाखवला. तारीख, ११, ८, 'थांबण्याचा सल्ला दिला, मालकांना घाई आहे', आणि खाली माझी झोकदार सही.

त्यांच्या अहवालात एक ओळ त्याच्याही विरुद्ध होती, की त्याने काम ठामपणे नाकारायला हवं होतं. असेल. पण त्या दिवशी मी त्याच्याशी ज्या आवाजात बोलत होते त्या आवाजाला नाही म्हणणं सोपं नव्हतं. आणि समोर तीन महिन्यांतलं सगळ्यात मोठं काम होतं त्याच्या.

आम्ही त्याचा हप्ता दिला. मी घरी जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, ठीक आहे, लोकांना लाकूड म्हणजे दगड वाटतो. ज्यांना मी त्याच्याबद्दल वाईट सांगितलं होतं त्यातल्या काहींना फोन केले. सगळ्यांना केले नाहीत. लाज वाटली. आज हे लिहितेय त्याचं खरं कारण तेच.

दरम्यान मागची खोली. ती ऑक्टोबरच्या अखेरीस झाली, त्याच माणसाच्या हातून, म्हणजे भांडणाच्या आधी. नंबर टू कॉमन, गाठींनी भरलेलं, कसलीही घाई नाही. गठ्ठे खोलीतच सुटे करून ठेवले होते, येता जाता पाय अडखळत होते तेव्हा मीच वैतागत होते. त्याने यंत्र लावलं, ७ आणि ८ आकडे आले, मग बसवलं. त्या जमिनीत त्या हिवाळ्यात केसाएवढ्या फटी पडल्या, उन्हाळ्यात मिटल्या. आजतागायत तेच चाललंय. हॉलमधल्या फटी उन्हाळ्यात कमी होतात, पण पूर्ण मिटत नाहीत.

पुढच्या वर्षी मामा आले होते राहायला. मामांनी पुण्यात टिंबर मार्केटमधल्या एका वखारीत तीस वर्षं हिशेब लिहिले. सीपीचं सागवान कुठलं आणि बर्माचं कुठलं, हे त्यांना लांबून कळायचं. हॉलमध्ये आल्या आल्या खाली बघितलं, पण बोलले काही नाहीत. पाहुण्याने बोलू नये ते. मागच्या खोलीत मात्र जाऊन बसले. तिथेच पेपर वाचायचे, तिथेच दुपारी चटई टाकून आडवे व्हायचे. एकदा हात फिरवत म्हणाले, "ही तक्तपोशी छान जमलीये गं तुझी. इथे लाकूड मुरू दिलेलं दिसतंय."

मी म्हटलं, "मामा, हे सगळ्यात स्वस्तातलं आहे. हॉलमधलं याच्या दुप्पट किमतीचं."

"असेल," मामा म्हणाले. "आमच्या वखारीत गिऱ्हाईक यायचं, ते गाठ आहे का बघायचं. सुतार आला की तो टोकाकडून बघायचा, ओलं आहे का सुकं. गिऱ्हाईक कधी टोकाकडून बघत नाही."

मला वाटतं सगळा प्रश्न एवढाच आहे. आपण गिऱ्हाईक म्हणून चेहरा बघतो, कारण चेहरा दिसतो. ग्रेडच्या नियमांनी कधीच म्हटलं नव्हतं की आम्ही टिकाऊपणाची हमी देतो. तो अर्थ आपण आपल्या मनाने त्यात घालतो, आणि दुकानं तो घालू देतात.

माझं दुकानदारांशी भांडण आहे ते इथे. ग्रेडचे नियम मला आवडतात. '१०० टक्के निर्दोष' अशी थाप न मारता '५ टक्के चुकार फळ्या असू शकतात' असं जो नियम कागदावर लिहून देतो, तो प्रामाणिकच म्हणायचा. पण दुकानात चेहऱ्याचा ग्रेड मोठ्या अक्षरांत आणि पाण्याचा आकडा कुठेच नाही, असं का? किमतीच्या पाटीवर ग्रेडशेजारीच लिहा ना: माल ६ ते ९ टक्क्यांवर निघालाय, घरात ठेवून मोजल्याशिवाय बसवू नका. सिगारेटच्या पाकिटावर लिहितात तसं. एका ओळीने माझे पैसे आणि त्या माणसाचं नाव, दोन्ही वाचलं असतं.

शिवाय ही नावं. क्लिअर म्हणजे स्वच्छ, सिलेक्ट म्हणजे निवडक, आणि बाकीचे सगळे 'कॉमन'. नाव ऐकूनच माणूस अर्धा ठरवून मोकळा होतो. तयार पॉलिश केलेल्या ओकच्या ग्रेडमध्ये तर सगळ्यात खालच्याला 'टॅव्हर्न' म्हणतात, म्हणजे दारूचा गुत्ता! कोण सांगणार पाहुण्यांना? युरोपच्या मानकात, ईएन १३२२६ मध्ये, हेच वर्ग चिन्हांनी दाखवतात: वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन. वर्तुळात गाठी कमीत कमी, चौकोनात जास्त. पण चौकोन घेतला म्हणून कोणाला कमीपणा वाटायचं कारण नाही. मला ही पद्धत फार सभ्य वाटते.

याला दुसरीही एक बाजू आहे. ओकचं झाड तोडण्याजोगं व्हायला साठ, ऐंशी, कधी शंभर वर्षं लागतात. त्यातलं क्लिअर निघतं ते थोडंसंच. फांदी फुटली तिथे गाठ येणारच, आणि फांद्या नसलेलं झाड कुठून आणायचं? सगळ्यांनी माझ्यासारखं क्लिअरच मागितलं तर उरलेल्या झाडाचं काय करायचं?

बॉस्टनच्या सेल्टिक्स संघाची फरशी ही माझी आवडती गोष्ट आहे. १९४६ मध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाचा तुटवडा होता, मेपलच्या लांब पट्ट्या मिळेनात. मग ओकचे आखूड उरलेसुरले तुकडे आणून ते आडवे-उभे असे चौकटींत बसवले. लांबीच्या नियमाने त्या तुकड्यांना कुठला ग्रेड मिळाला असता कोण जाणे. ती फरशी १९९९ पर्यंत वापरात होती, आणि ती त्यांची घरची जमीन असताना संघाने १९५७ ते १९८६ दरम्यान १६ अजिंक्यपदं मिळवली. आज बास्केटबॉलमधली सगळ्यात प्रसिद्ध जमीन तीच, आणि नवी फरशी घातली तरी नक्षी तीच ठेवलीय.

तर ताई, आता तुझं उत्तर.

पहिलं म्हणजे दुकानदाराला विचार की हे खरं लाकूड आहे, प्लायवर खऱ्या लाकडाचा पातळ थर आहे, की लॅमिनेट आहे. लॅमिनेट म्हणजे लाकडाचा फोटो. ओळखायचं सोपं आहे, चार-पाच फळ्या मांडून बघ, तीच गाठ पुन्हा दिसली की समज. त्यात वाईट काही नाही, पण तिथे ए आणि बी ग्रेडला काही अर्थ नाही. तिथे घर्षणाचा वर्ग विचार, एसी १ ते एसी ६ असा असतो, आणि फॉर्मल्डिहाइडचा वर्ग विचार, ई १ किंवा त्याहून चांगला. डिंकातून निघणारा वायू आहे तो, बेडरूममध्ये झोपणार आहात तुम्ही. हेही पुन्हा न दिसणारंच.

खरं लाकूड असेल तर 'ए ग्रेड' म्हणजे नक्की काय, ते लिहून माग. गाठी किती, लांबी किती. 'ए' हे कोणाच्या नियमातलं ए, की त्याच्याच वहीतलं? मग खुशाल बी घे, गाठी आवडत असतील तर. पट्टी अरुंद घे. बसवणाऱ्याकडे पाणी मोजायचं यंत्र आहे का ते विचार, आणि यंत्र नसेल तर दुसरा माणूस बघ. पावसाळ्यात घालू नकोस. गठ्ठे खोलीत आडवे येतील, पाय अडखळेल, भावजींची चिडचिड होईल. होऊ दे. लोणचं मुरायच्या आधी बरणी उघडली तर आई काय म्हणायची, आठवतं ना?

आणि बसवणारा थांबा म्हणाला तर थांब. वास्तुशांतीला दुसरा मुहूर्त मिळतो.

हॉलमधल्या फटी आम्ही भरल्या नाहीत. भरता येतात, पण तपासनीस बाई म्हणाल्या, उन्हाळ्यात लाकूड फुगलं की भरलेलं बाहेर येईल. आता हिवाळ्यात ह्युमिडिफायर लावतो आणि आर्द्रतेच्या काट्याकडे नजर ठेवतो. पाहुणे आले की अजून म्हणतात, काय सुंदर लाकूड आहे. मी थँक्यू म्हणते आणि चहा मागच्या खोलीत घेऊन जाते.

त्या फरशीवाल्याचं नाव इथे लिहिणार नाही, पण आमच्या गावातल्या कोणाला हवं असेल तर मला फोन करा. नंबर मी देईन.